औषध आलं, आता सोबत टिकवायची आहे

देशात आज पंचवीस लाखांच्या आसपास माणसं एचआयव्हीसह जगत आहेत. राज्यांमध्ये त्यांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे, चार लाखांच्या घरात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नाकोच्या, २०२३ च्या अंदाजांनुसार २०१० च्या तुलनेत एड्समुळे होणारे मृत्यू ७५ टक्क्यांहून अधिक घटले आणि नव्या लागणींचं प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक खाली आलं. या यशाचं श्रेय औषधाला दिलं जातं, आणि ते रास्तच आहे. पण हे औषध रोज, न चुकता, जन्मभर घ्यावं लागतं. घरात कुणाला कळू न देता, नोकरी सांभाळून, शेतीची कामं सांभाळून घ्यावं लागतं. नवरा गेल्यावर, सासरने बाहेर काढल्यावरही घ्यावं लागतं. ते घेत राहण्याचं बळ माणसाला कोण देतं, याचा हिशोब आपण फारसा मांडत नाही.

हे बळ देणाऱ्यांत एक मोठा वाटा स्वयंसेवी संस्थांचा आहे. त्यातही ज्या संस्था एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांनी स्वतः उभ्या केल्या किंवा त्यांना बरोबरीने घेऊन चालवल्या, त्यांचा. गेल्या तीन-साडेतीन दशकांत त्यांनी काय केलं, कुठे त्या कमी पडल्या आणि आज त्या कोणत्या वळणावर उभ्या आहेत, याचा हा आढावा आहे. तो घेताना माझं मत एकच आहे आणि ते सुरुवातीलाच सांगतो. हे काम तात्पुरता प्रकल्प म्हणून चालवणं आता थांबवलं पाहिजे. ते सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचा कायमचा भाग मानलं पाहिजे.

भीतीच्या काळातली सुरुवात

भारतातल्या पहिल्या लागणी १९८६ मध्ये चेन्नईत उजेडात आल्या. मद्रास मेडिकल कॉलेजमधल्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने तपासले तेव्हा त्यांतल्या काहींमध्ये विषाणू सापडला. डॉ. सुनीती माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातल्या. पुढे १९९३ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने ‘वाय. आर. गायतोंडे सेंटर’ ही संस्था काढली. तपासणी, समुपदेशन आणि उपचार एकाच छताखाली देणाऱ्या देशातल्या आरंभीच्या संस्थांपैकी ती एक. लागण शोधणाऱ्या डॉक्टरला नुसता अहवाल देऊन थांबता आलं नाही, अहवाल हातात घेऊन बसलेल्या माणसाचं पुढे काय, या प्रश्नाने तिला संस्थेकडे नेलं, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

पण या चळवळीची दुसरी सुरुवात खुद्द बाधित माणसाकडून झाली, आणि ती आपल्या शेजारच्या गोव्यात. डॉमिनिक डिसोझा हा तरुण नियमित रक्तदान करायचा. त्यातूनच त्याची लागण कळली. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला कारण न सांगता पोलिसांनी नेलं आणि म्हापशाजवळच्या, क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या इमारतीत एकट्याला ठेवलं. एचआयव्ही असलेल्या माणसाला सक्तीने वेगळं ठेवण्याची तरतूद गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा होती. डॉमिनिकने तिथे ६४ दिवस काढले. त्याच्या आईने, ल्युसी डिसोझा यांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने कायद्याची तरतूद उचलून धरली. विषाणू हवेतून पसरत नाही, स्पर्शाने पसरत नाही, हे तोपर्यंत विज्ञानाला पुरतं ठाऊक झालेलं होतं, तरीही.

डॉमिनिकने ही लढाई आपल्यापुरती ठेवली नाही. नाट्यकर्मी मैत्रीण इझाबेल द सांता रिता वाझ यांच्यासह त्याने १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली, आणि त्याच वर्षी तो गेला. संस्था मात्र पुढे चालत राहिली. पश्चिम किनाऱ्यावरच्या या पहिल्या प्रयत्नातच पुढच्या सगळ्या कामाचं बीज आहे. मदत करणारा आणि मदत घेणारा असे दोन वेगळे वर्ग इथे नव्हते. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच संस्था काढली.

हे फक्त आपल्याकडे घडलं असंही नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १९८३ मध्ये एड्सबाधितांनी एक जाहीरनामा मांडला. आम्हाला बळी म्हणू नका, आमच्याबद्दलचे निर्णय घेताना आम्हाला त्या बैठकीत जागा द्या, असं त्याचं सार होतं. १ डिसेंबर १९९४ रोजी पॅरिसमध्ये ४२ देशांनी हेच तत्त्व मान्य केलं आणि त्यावर भारतानेही सही केली. १९९७ मध्ये चेन्नईत देशभरातल्या एचआयव्हीबाधितांचं पहिलं राष्ट्रीय जाळं स्थापन झालं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा निकाल दिला. एका सार्वजनिक कंपनीने एचआयव्ही आढळला म्हणून एका हंगामी कामगाराला कामावरून दूर केलं होतं. काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला केवळ लागणीमुळे नोकरी नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्याला नाव गुप्त ठेवून खटला चालवण्याची मुभाही दिली. कागदोपत्री तो ‘एमएक्स’ राहिला. पुढे कित्येकांना कोर्टाची पायरी चढण्याचं धैर्य या मुभेमुळे झालं.

चार वाटांनी वाढलेलं काम

महाराष्ट्रातल्या संस्था पाहिल्या तर त्या साधारण चार वाटांनी वाढलेल्या दिसतात.

पहिली वाट बाधितांच्या जाळ्यांची. पुण्यातून चालणारं एचआयव्हीसह जगणाऱ्यांचं राज्यव्यापी नेटवर्क आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याच धर्तीवर उभे राहिलेले गट या वाटेवरचे. यांतले कार्यकर्ते स्वतः पॉझिटिव्ह असतात. नव्याने अहवाल हातात पडलेल्या माणसासमोर बसून ‘मलाही आहे, मीही गोळी घेतो, माझी मुलं शाळेत जातात’ असं सांगू शकणारा माणूस, हीच त्यांची खरी पुंजी.

दुसरी वाट ज्यांना लागणीचा धोका जास्त त्यांच्या संघटनांची. सांगलीत १९९२ मध्ये मीना सेषू यांनी ‘संग्राम’चं काम सुरू केलं आणि त्यातून १९९६ मध्ये वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. निरोधाचं वाटप बाहेरच्या कार्यकर्त्यांनी करायचं आणि बायांनी घ्यायचं, ही रीत तिथे उलटली. बायाच वाटू लागल्या, बायाच एकमेकींना समजावू लागल्या. ‘निरोधाशिवाय नाही’ हे गिऱ्हाइकाला एकटीने सांगणं अवघड, पण सगळी वस्ती तेच म्हणते तेव्हा ते शक्य होतं. याच सुमारास, १९९४ मध्ये, मुंबईत ‘हमसफर ट्रस्ट’ने समलिंगी आणि तृतीयपंथी व्यक्तींसाठी काम सुरू केलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा तेव्हा लागू होता, आणि तो सर्वोच्च न्यायालयाने दूर केला सप्टेंबर २०१८ मध्ये. म्हणजे चोवीस वर्षं हे आरोग्याचं काम कायद्याच्या टांगत्या तलवारीखाली चाललं.

तिसरी वाट मुलांच्या घरांची, आणि मराठी वाचकाला ती सर्वांत परिचित. पुण्याजवळ विजयाताई लवाटे यांची ‘मानव्य’ १९९७ पासून. पंढरपुरात मंगलताई शहा यांची ‘पालवी’, जिची सुरुवात नातेवाइकांनी टाकून दिलेल्या दोन लहान मुलींना जवळ घेण्यापासून झाली. बीडजवळ दत्ता आणि संध्या बारगजे यांचा ‘इन्फंट इंडिया’. लातूर जिल्ह्यातल्या हासेगावात रवी बापटले यांचं ‘सेवालय’. नगरला गिरीश कुलकर्णी यांच्या ‘स्नेहालया’ने वेश्यावस्तीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या कामाला पुढे हीच शाखा फुटली. यांतल्या अनेकांनी गावाचा विरोध सोसला. हासेगावात तर आमच्या मुलांच्या शेजारी ही मुलं बसायला नकोत म्हणून शाळेवरून वाद पेटला होता. आई-बाप दोघेही गेलेली, आजी-आजोबांनाही न पेलणारी मुलं या घरांनी वाढवली. ती वाचणार नाहीत असं सगळेच धरून चालले होते, तेव्हा त्यांनी वाढवली.

चौथी वाट दवाखान्यांची आणि कायदेशीर मदतीची. पुण्याच्या ‘प्रयास’मध्ये डॉ. विनय आणि डॉ. संजीवनी कुलकर्णी यांनी उपचारांबरोबर समुपदेशन आणि संशोधन उभं केलं. खासगी दवाखान्यांत बाळंत होणाऱ्या एचआयव्हीबाधित स्त्रियांकडून बाळाला लागण होऊ नये, यासाठी त्यांनी राज्यभर जाळं विणलं. सरकारी कार्यक्रमाचं लक्ष सरकारी रुग्णालयांकडे होतं. खासगी नर्सिंग होममधल्या गरोदर बाईपर्यंत पोहोचायचं काम संस्थेने केलं. कायद्याच्या बाजूला आनंद ग्रोव्हर आणि त्यांच्या ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ने हक्कांचे खटले चालवले.

औषधाने कामाचं रूप बदललं

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या संस्थांचं मुख्य काम माणसाला सन्मानाने मरू देणं हेच होतं. औषधं होती, पण श्रीमंत देशांत त्यांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी तीन औषधांचं मिश्रण ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहूनही कमी किमतीत, देऊ केलं, आणि जगाचं गणितच फिरलं. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने सर्वाधिक प्रादुर्भाव असलेल्या सहा राज्यांत विषाणूला दाबून ठेवणारे एआरटी उपचार मोफत सुरू केले. महाराष्ट्र त्यात होता, आणि मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होतं. लहान मुलांसाठीचा कार्यक्रम २००६ च्या अखेरीस आला.

पुढची पावलंही मोठी आहेत. सुरुवातीच्या मिश्रणातल्या स्टॅव्ह्युडिन या औषधाने कित्येकांचे गाल बसायचे, हातापायांची चरबी झडायची आणि चेहऱ्यावरूनच लोक ओळखायचे. ते मागे पडलं. २०१७ पासून रोगप्रतिकाराच्या सीडी-फोर पेशींची संख्या घसरण्याची वाट न पाहता लागण कळताच उपचार सुरू करण्याचं धोरण आलं. त्यानंतर टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर यांची एकत्र गोळी आली, दिवसातून एकच. ती नेमाने घेतली तर रक्तातला विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडत नाही, आणि अशा माणसाकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. अनेक देशांत हजारो जोडप्यांवर झालेल्या अभ्यासांनी हे सिद्ध केलं आहे. एचआयव्हीबद्दल समाजाला सांगायची सर्वांत मोठी गोष्ट आज कुठली असेल तर ही. दुर्दैवाने तीच सर्वांत कमी सांगितली जाते.

मरणाची तयारी करणाऱ्या संस्थांना आता जगण्याची तयारी करावी लागली. औषध सुरू करणं सोपं, चालू ठेवणं अवघड. महिनोन्‌महिने गोळी न चुकवणारा माणूस एखाद्या लग्नासाठी गावी जातो, डबी घरीच राहते, तिथून खंड पडतो. कुणी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून सोडतं, कुणी बुवा-बाबाच्या अंगाऱ्यावर विसंबतं, कुणी दारूत बुडतं. खंड पडत गेला की विषाणू औषधाला सरावतो आणि पहिल्या फळीची गोळी चालेनाशी होते. म्हणून एआरटी सेंटरच्या यादीत ज्यांच्या नावापुढे ‘एलएफयू’, म्हणजे संपर्क तुटलेला, अशी नोंद पडते, त्यांना शोधून परत आणणं हे या संस्थांचं सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत न दिसणारं काम झालं.

एक भेट, जवळून

हे काम प्रत्यक्ष कसं चालतं ते पाहायला हवं. फील्डवर्कर बाईच्या हातात यादी असते. पहिला फोन बहुतेकदा ‘राँग नंबर’ म्हणून तुटतो. दुसरा फोन आठ दिवसांनी, वेगळ्या वेळी, जेव्हा माणूस एकटा असेल असा तिचा अंदाज असतो. पलीकडून हळू आवाज आला की ती पहिल्यांदा गोळीबद्दल विचारत नाही. ‘कसे आहात, कुठे भेटू?’ एवढंच. भेटीची जागा घर नसते. एसटी स्टँड, आठवडी बाजार, दर्गा, देवळाचं आवार, जिथे दोन माणसं बोलताना कुणाला वेगळं वाटणार नाही अशी कुठलीही. घरी जावंच लागलं तर संस्थेची पिशवी ती नेत नाही. शेजारणींनी विचारलं तर बचत गटाची बाई किंवा मामेबहीण, जे आधी ठरलं असेल ते.

मग गोळ्यांची डबी पुढे येते. तिच्यावरचं लेबल खरवडून काढलेलं असतं, किंवा गोळ्या जीवनसत्त्वांच्या जुन्या डबीत भरलेल्या असतात. ती गोळ्या मोजते. किती राहायला हव्या होत्या, किती राहिल्या, यावरून खंड कळतो. ती रागवत नाही, कारण तिने स्वतःही कधीतरी गोळी चुकवलेली असते. का चुकली ते विचारते. उत्तर क्वचितच ‘विसरलो’ असं असतं. सेंटरला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. दीराला कळलं तर घराबाहेर काढतील. ऊसतोडीला सहा महिने जायचं आहे, तिथे औषध कुठे मिळणार? या प्रत्येक अडचणीला उत्तर आहे. स्थिर रुग्णाला एका वेळी अनेक महिन्यांची औषधं देता येतात. कारखान्याच्या परिसरातल्या सेंटरवर नोंद घेऊन तिथून औषध घेता येतं. एसटीच्या साध्या बसमध्ये सवलत आहे. पण ही उत्तरं नियमात आहेत आणि अडचण घरात आहे. या दोहोंना जोडणारी ही बाई आहे.

या भेटीत आणखी कितीतरी कामं निघतात. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचे कागद. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लावून घेण्यासाठी तलाठ्याकडच्या फेऱ्या. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे विधवा पहिल्या श्रेणीची वारस आहे, पण ‘तुझ्यामुळेच आमचा मुलगा गेला’ असं म्हणणाऱ्या सासरापुढे कायद्याचं कलम एकटीला उच्चारता येत नाही. सोबत कुणी उभं राहिलं की उच्चारता येतं. सतत खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी. एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूंमागे आजही क्षयरोग हे मोठं कारण आहे, आणि तो बरा होणारा आजार आहे.

करोनाच्या टाळेबंदीत, २०२० मध्ये, या जाळ्यांची खरी परीक्षा झाली. एसटी बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद, सेंटर शहरात आणि माणसं गावात. तेव्हा देशभर बाधितांच्या गटांतल्या कार्यकर्त्यांनी पास काढून, दुचाकीवरून औषधं पोहोचवली. पाकिटावर आजाराचं नाव लिहिलेलं नव्हतं, कारण गुपित राखण्याची सवय त्यांच्या अंगात मुरलेली होती. हे काम सरकारी यंत्रणेला एकटीला जमलं नसतं. तिच्याकडे पत्ते होते, पण दार उघडलं जाईल असा विश्वास या कार्यकर्त्यांनी कमावलेला होता.

हक्कांची लढाई

सेवेच्या बरोबरीने हक्कांचं काम झालं म्हणून सेवा टिकली. २००६ मध्ये बाधितांच्या दोन संघटनांनी एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या झिडोव्ह्युडिन-लॅमिव्ह्युडिन मिश्रणावरच्या पेटंट अर्जाला हरकत घेतली, आंदोलनं केली, आणि कंपनीने अर्ज मागे घेतला. पेटंट कायद्यातल्या बारीकसारीक कलमांचा अभ्यास करून रुग्णच हरकतदार झाले. भारतीय स्वस्त औषधांवर आफ्रिकेतले लाखो रुग्णही अवलंबून होते, त्यामुळे या लढाईचा फायदा देशाबाहेरही गेला.

लग्नाच्या हक्काचाही प्रश्न होता. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात एचआयव्हीबाधिताचा विवाहाचा हक्क ‘निलंबित’ असल्याचं म्हटलं. संघटनांनी पाठपुरावा केला आणि २००२ मध्ये न्यायालयाने ती निरीक्षणं अनावश्यक असल्याचं स्पष्ट केलं. आज महाराष्ट्रात बाधितांचे वधू-वर मेळावे भरतात, त्यांच्या पोटी निरोगी मुलं जन्मतात. त्यामागे ही कोर्टातली मेहनत आहे.

एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ मध्ये संसदेने संमत केला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याचा मसुदा वर्षानुवर्षं सरकारदरबारी अडकला होता. नोकरी, शिक्षण, उपचार, घर, विमा यांत भेदभाव करायला त्याने बंदी घातली. संमतीशिवाय चाचणी आणि संमतीशिवाय वाच्यता यांना मनाई केली. राज्यात लोकपाल नेमायचा आणि शंभर किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत, आरोग्यसेवेत वीस किंवा अधिक, तक्रार निवारण अधिकारी ठेवायचा, अशी तरतूद केली. एका कलमात तर बारा ते अठरा वयाच्या समजदार भावंडाला आपल्या धाकट्या भावंडाचा पालक म्हणून दवाखान्यात, शाळेत, बँकेत उभं राहण्याची मुभा आहे. आई-बाप गमावलेल्या घरात थोरली बहीणच आई होते, हे वास्तव ज्यांनी जवळून पाहिलं त्यांच्या आग्रहाशिवाय असं कलम कायद्यात येत नाही.

कायद्यात एक दुखरी जागाही राहिली. उपचार पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकताना ‘शक्य तितक्या प्रमाणात’ असे शब्द घातले गेले. ते काढावेत म्हणून संघटनांनी आंदोलन केलं. ते निघाले नाहीत. २०२२ च्या उन्हाळ्यानंतर औषधांचा तुटवडा झाला आणि दिल्लीत बाधित माणसं नाकोच्या कार्यालयासमोर महिन्याहून अधिक काळ धरणं धरून बसली, तेव्हा या शब्दांचा अर्थ सगळ्यांना कळला. एका महिन्याऐवजी आठ-दहा दिवसांची गोळी देऊन परत बोलावलं जातं, तेव्हा मजुराची तीन मजुऱ्या बुडतात आणि खंड पडण्याची वाट मोकळी होते.

जिथे संस्था कमी पडल्या

या कामाबद्दल आदर असला तरी त्यातले दोष झाकून उपयोग नाही.

मुलांच्या घरांचं ऋण मोठं आहे, पण त्यांनी नकळत एक वेगळी वसाहतही तयार केली. गावाच्या शाळेने नाकारलं म्हणून संस्थेने स्वतःची शाळा काढली, आणि गावाची शाळा बदलण्याची गरज संपली. देणग्यांसाठी मुलांचे चेहरे, नावं, कहाण्या छापल्या गेल्या. ती मुलं आज पंचविशीत आहेत. नोकरीच्या मुलाखतीला जाताना त्यांचं लहानपणीचं छायाचित्र कुणाच्याही मोबाइलवर सापडू शकतं. गुप्ततेचा हक्क मुलांनाही आहे, आणि तो देणगीदाराच्या डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा मोठा आहे. जवळचे नातेवाईक सांभाळायला तयार असतील तर त्यांना पैशाची आणि सल्ल्याची मदत देऊन मूल घरातच वाढवणं, ही पहिली निवड असायला हवी. बालसंगोपनासारख्या योजना त्याचसाठी आहेत.

मुलांना त्यांचा आजार कधी आणि कसा सांगायचा, हा प्रश्नही बऱ्याच ठिकाणी टाळला गेला. ‘ताकदीची गोळी’ म्हणून दिलेलं औषध चौदाव्या वर्षी अचानक वेगळं कळलं की मूल रागाने गोळ्या टाकून देतं. किशोरवयात उपचार सुटण्याचं प्रमाण सगळ्या जगात जास्त आहे, आणि त्याचं एक कारण हे मौन आहे. टप्प्याटप्प्याने, वयाला साजेशा शब्दांत सांगणं शिकता येतं. काही संस्थांनी ते उत्तम केलं आहे. ते सर्वांनी शिकायला हवं.

जाळ्यांचे प्रश्न वेगळे. पॉझिटिव्ह कार्यकर्त्याला तुटपुंज्या मानधनावर राबवलं गेलं, कधी नुसतं सभेत बसवायला, फोटोपुरतं बोलावलं गेलं. पुरुषांकडे नेतृत्व आणि बायकांकडे घरभेटी, अशी वाटणी कित्येक गटांत झाली. तृतीयपंथी व्यक्तींना सर्वसाधारण गटांत जागा मिळायला फार वेळ लागला. काही गट अनुदान देणाऱ्या कार्यालयाच्या आकड्यांच्या मागे इतके लागले की औषधटंचाईबद्दल आवाज उठवायला ते कचरू लागले. जो पैसा देतो त्याच्याविरुद्ध बोलायचं कसं, ही अडचण खरी आहे. पण बोलण्याची ताकद गेली तर संस्था सरकारची कंत्राटदार उरते.

पैशाचा प्रश्न

या अडचणींच्या मुळाशी पैशाची रचना आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्यात, २००७ ते २०१२ दरम्यान, बाधितांसाठी ‘कम्युनिटी केअर सेंटर’ आणि ‘ड्रॉप-इन सेंटर’ उभी राहिली. टप्पा संपला आणि ती बंद झाली. २०१३ पासून आंतरराष्ट्रीय ‘ग्लोबल फंड’च्या मदतीने ‘विहान’ हा कार्यक्रम आला आणि त्याखालची केंद्रं बाधितांच्या गटांनी चालवली. दर वेळी नाव नवं, फॉर्म नवे, करार नवा. कार्यकर्ता तोच, आणि दोन करारांच्या मधल्या महिन्यांत त्याचं मानधन नाही. विश्वास बसायला वर्षं लागतात, करार मात्र वर्षा-दोन वर्षांचा.

परदेशी पैशाला अटीही असतात. अमेरिकेच्या निधीसाठी वेश्याव्यवसायाविरोधी प्रतिज्ञा करावी लागे. सांगलीच्या ‘संग्राम’ने ज्या बायांबरोबर काम करतो त्यांनाच नाकारणारी प्रतिज्ञा करायची नाही म्हणून तो पैसा नाकारला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली, तेव्हा हैदराबाद, कल्याण आणि पुणे इथले तृतीयपंथी व्यक्तींसाठीचे खास दवाखाने बंद पडले. जिथे नावाने हाक मारली जायची, कुणी कुत्सित नजरेने पाहायचं नाही, अशी जागा गेली. सरकारी रुग्णालय उघडं आहे, पण तिथल्या रांगेत उभं राहण्याची हिंमत प्रत्येकाला होत नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाचवा टप्पा, २०२१ ते २०२६, केंद्र सरकारच्या पूर्ण खर्चाने मंजूर झाला. त्याची रक्कम १५,४७१ कोटी रुपयांहून अधिक आहे. औषधं, चाचण्या, रक्ताची सुरक्षितता यांचा भार देश आता स्वतः उचलतो, ही अभिमानाची गोष्ट आहे. त्याच विचाराने सोबतीच्या कामाचाही खर्च देशाने कायमचा आपल्या अंगावर घ्यायला हवा.

पुढे काय हवं

येत्या काळात प्रश्न बदलणार आहेत. २००४-०५ मध्ये उपचार सुरू केलेली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना मधुमेह, रक्तदाब, हाडांची झीज, एकटेपण यांना तोंड द्यावं लागतं, आणि कुठल्याही वृद्धाश्रमाच्या दारात एचआयव्हीचं नाव काढताच नकार मिळतो. संस्थांच्या घरांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना नोकरी, भाड्याची खोली, जोडीदार हवा आहे. बाल न्याय कायद्यात अठराव्या वर्षानंतरच्या आधाराची तरतूद आहे, ती कागदावरून खाली यायला हवी. नव्या लागणी आता वस्त्यांपेक्षा मोबाइलवर जुळणाऱ्या भेटींतून आणि कामासाठी होणाऱ्या स्थलांतरातून दिसू लागल्या आहेत, आणि तिथे पोहोचायची जुनी रीत पुरत नाही.

म्हणून काही गोष्टी ठामपणे मागायला हव्यात. प्रत्येक एआरटी सेंटरशी बाधितांचा एक गट कायमस्वरूपी जोडलेला असावा आणि त्यातल्या कार्यकर्त्यांना आशा सेविकेपेक्षा कमी नव्हे, तर समुपदेशकाच्या बरोबरीने वेतन, विमा आणि नोकरीची शाश्वती मिळावी. औषधसाठ्याची माहिती दर महिन्याला त्या गटासमोर उघडी ठेवावी, म्हणजे टंचाई रस्त्यावर येण्याआधी कळेल. कायद्यातला लोकपाल आणि तक्रार अधिकारी यांची नावं प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लावावीत. विषाणू दबला की लागण पसरत नाही, हे शास्त्र नववी-दहावीच्या वर्गात, ग्रामसभेत, विवाहपूर्व समुपदेशनात सांगितलं जावं, कारण भेदभावावर याहून प्रभावी औषध आज दुसरं नाही. आणि संस्थांनीही आपलं घर नीट करावं. निर्णय घेणाऱ्या मंडळात बाधित स्त्रिया आणि तृतीयपंथी असावेत. मुलांचे चेहरे जाहिरातीतून हटावेत. हिशोब खुले असावेत.

आजार ओसरतो आहे म्हणून या संस्थांची गरज संपली, असा सूर अलीकडे ऐकू येतो. वस्तुस्थिती उलट आहे. मृत्यू कमी झाले, म्हणजे एचआयव्हीसह अनेक दशकं जगणाऱ्यांची संख्या वाढली, आणि दर दिवशी एक गोळी घेणारी लाखो माणसं आपल्यामध्ये आहेत. औषधाचा कारखाना बंद पडू नये याची काळजी देश घेतो. ती गोळी माणसाच्या तोंडापर्यंत नेणारी माणसंही त्याच काळजीची हक्कदार आहेत. त्यांच्या मानधनाची तरतूद पुढच्या अर्थसंकल्पात दिसते की नाही, यावरून आपण हा लढा किती गांभीर्याने घेतला ते ठरेल.